खडूची तिसरी रेघ

त्या मंगळवारी सकाळी बाबांनी माझ्या डब्यात सुकटीची चटणी भरली. कोलशेतला रिक्षातून उतरल्यावर ते नेहमीसारखे दहा पावलं पुढे चालू लागले. साइटवर ते बोअरिंगवाले काळुराम, मी वागळे इस्टेटच्या ऑफिसातली डिझाइन इंजिनियर. आमचं नातं तिथे कुणाला कळू नये, ही माझीच अट.

खाडीकाठी जेटी व्हायची होती. तिचे पाइल, म्हणजे जमिनीत रोवायचे खांब, किती खोल न्यायचे हे ठरवायला बोअरमध्ये सळ्या उतरवून वरून वजनाने ठोकतात. कमी ठोक्यांत सळी खाली गेली तर रेती सैल. भूकंपात ती पातळ होते, पाइलला धरत नाही. सळी किती खाली गेली ते दिसावं म्हणून वरच्या सळीवर बाबा खडूने तीन रेघा मारत. तिसरीला सवयीने शेपूट निघे.

अकरा मीटरवर ते म्हणाले, "चार."

शेजारच्या बोअरमध्ये तेवढ्याच खोलीवर अठरा ठोके लागले होते. जेटीवाले साहेब हसले. "म्हाताऱ्याला ऐकू येतं ना?"

"चुकते त्यांची मोजणी," मी म्हणाले. "अठरा धरू."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "चारच परले, मॅडम. ठोके हाताला समजतान, कानाला नाय."

घरी ते जेवून झोपले. सकाळी उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर मी कामावर गेले. अठरा धरून काढलेलं ड्रॉइंग सहीसाठी समोर होतं. माझ्या टेबलाच्या पायावर, गुडघ्याइतक्या उंचीवर, खडूच्या तीन रेघा होत्या. झाडलोट करणाऱ्या मंजुळाताईंनी पुसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या घोट्याशी होत्या.

"काल वर होत्या ना गं?" मंजुळाताई म्हणाल्या. या वेळी त्यांनी फडकं लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी सगळ्यात खालची रेघ फरशीला टेकली होती. मी सही केली नाही. त्याच जागी पुन्हा बोअर घ्यायला सांगितलं. कारण सांगितलं नाही.

भर दुपार, ओहोटी. मशीनवर आता उत्तम होता, बाबांच्या हाताखाली शिकलेला. अकरा मीटरवर त्याने वरच्या सळीवर रेघा मारल्या, सरळ. वजन पडू लागलं. ठोके मोजून तो थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चार."



सळ्या वर काढल्या. सगळ्यात खालची, अकरा मीटरवरून आलेली, काळ्या चिखलाने माखलेली. उत्तमने पाणी मारलं. चिखल वाहून गेला.

खाली तीन पांढऱ्या रेघा होत्या.

त्याने बोट लावलं. बोटाला कोरडा खडू लागला.

तिसऱ्या रेघेला शेपूट होतं.

"कुणी मारल्या ह्या?" साहेबांनी विचारलं.

उत्तम सळीपासून दोन पावलं मागे सरला.

"माझ्या बाबांनी," मी म्हणाले. आवाज मशीनपलीकडे जाईल इतका मोठा काढला. "काळुराम माझे वडील होते. त्यांची मोजणी कधीच चुकली नाही. अठरा मी लिहिले."