चिंध्यांचं विमान

"अहो बाई, तुमच्या शेळीनं विमान खाल्लं!"

वळून बघितलं तर सोसायटीच्या भिंतीलगतच्या कट्ट्यावर एक गृहस्थ बसलेले. सदरा पांढरा, मिशी त्याहून पांढरी. मांडीवर दोन वर्षांची पोर, पोरीच्या हातात जाड पुठ्ठ्याचं विमानांचं पुस्तक... आणि त्यातलं निम्मं पान माझ्या चंद्रीच्या तोंडात.

"खाल्लं तर खाल्लं," मी म्हटलं. "पोट दुखलं तर तिचं दुखंल. तुमचं न्हाई."

"आणि ही रडते त्याचं काय?"

"शेळीच्या तोंडापुढं पुस्तक धरल्यावर ती काय वाचत बसंल व्हय?"

मी कंबर बांधून भांडायला उभी, आणि हा माणूस हसला! मला राग आला. निदान तेव्हा तरी मी त्याला रागच म्हटलं.

पुण्याजवळच्या आमच्या भुकूममध्ये आता मोकळं रान उरलंय ते बिल्डरच्या पाट्यांखाली. तिथंच मी माझ्या चार शेळ्या चारते. दिवाळी झाली की माझा सिद्धनाथ आणि सून समीक्षा मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, ते वैशाखात परततात. मालक, धुळाजी, जाऊन अकरा वर्षं झाली. भावकीत माझा शब्द चालतो. कुणाची सोयरीक असो, कुणाची वाटणी असो, भागूबाईला विचारल्याशिवाय पुढं सरकत नाही. पण मेंढरं कोकणात गेली की मला काही विचारायला घरात कुणी नसतं. एका भाकरीचं पीठ मळायला परात लई मोठी वाटते.

त्या दिवशी पोरीचं रडणं कानातनं जाईना. माफी मागायची मला सवय नाही. जुनी लुगडी काढली, वाकळ शिवायची सुई घेतली आणि कापडाची आठ पानं करून त्यांवर चिंध्यांची विमानं बसवली. विमान मी जवळनं कधी बघितलेलं नाही. लोहगावला उतरणारी डोक्यावरनं जातात तेवढीच ओळख. खालनं दिसतं ते केलं, पोट आणि पंख. बाकीचं मनानं.

तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर नेऊन ठेवलं. "घ्या. हे शेळी खात न्हाई. मी तिच्यापुढं धरून बघितलंय."

त्यांनी पान उलटलं. दुसरं उलटलं. मिशी हलायला लागली.

"बाई, विमानाला चार पाय?"

"मग उतरल्यावर उभं कशावर राहायचं?"

"चाकं असतात हो."

"तुमी बसलाय का विमानात?"

"नाही. परांड्याला एसटीत कंडक्टर होतो. जन्म चाकांवर गेला, म्हणून सांगतो."

"मग एसटीचं एसटीपाशी ठेवा. ह्याला पायच हायेत."

तेवढ्यात पोरीनं त्या पायांवर बोट ठेवलं आणि "भुर्र!" म्हणाली. विषय मिटला.

त्यांचं नाव दादासाहेब, नातीचं जान्हवी. मुलगा दिग्विजय कंपनीत, सूनही कंपनीत. बायको सात वर्षांमागं गेली तेव्हापासून ते मुलाकडं.

"प्रत्येक पानाला एक ओळ पाहिजे," ते म्हणाले. मग तसंच ठरलं. रोज ते एका पानावर पेनानं ओळ लिहायचे. मी ते पान उसवून घरी न्यायची, अक्षरांवर दोरा घालायची, दुसऱ्या दिवशी परत टाचून द्यायची. मी दुसरीपर्यंत शिकले. अक्षराला अक्षर लावत वाचते. 'विमान आलं. मेंढरं पळाली.' 'विमान तळ्यावर थांबलं. पाणी प्यालं.' दोरा घालता घालता ती ओळ दहादा वाचून व्हायची.

"आज दोरा लाल?" त्यांनी एकदा विचारलं.

"लुगड्याचा काठ लाल हाय, त्यातनं काढला."

"तरीच. काल काठ जरा रुंद होता."

"तुमी नात सांभाळता का लुगडी बघता?"

"नात झोपलीय..."

मी शेळ्यांकडं तोंड फिरवलं. आंब्याला मोहोर आला होता, त्याचा वास कट्ट्यापर्यंत येत होता.

"घरात माझ्याशी एकच बोलणं होतं," ते हळूच म्हणाले. "बाबा, गोळी घेतली का?"

"माझ्याशी तेवढंबी न्हाई," मी म्हणून गेले, आणि जीभ चावली. असलं मी कुणाला सांगत नाही.

त्यांनी माझ्या खांद्याकडं हात नेला... मध्येच थांबवला.

"दोऱ्याचा तुकडा आहे," म्हणाले.

"असू द्या."

सात पानं झाली. आठव्या दिवशी त्यांनी टोपण काढलेला पेन नुसताच हातात धरला.

"दिग्विजयला बंगळूरला नोकरी लागलीय. रविवारी विमान आहे. घरही सोडतोय इथलं."

"बरं."

"तिथली भाषा मला येत नाही."

"शिकाल की."

"शेवटच्या पानावर काय लिहू?"

"काय बी लिवा. मला काय!"

माझ्याकडं पाठ करून त्यांनी लिहिलं, पान उसवलं, घडी घातली आणि दिलं. मी घरी येऊन उंबऱ्यात बसले. अक्षराला अक्षर लावलं: 'भागूबाई, मला थांबा म्हणा.'

अंगाचा भडका उडाला. स्वतः थांबायचं सोडून मला म्हणायला लावतो! हुकूम करायला मी कधी मागंपुढं बघितलं नाही, पण स्वतःसाठी कुणापुढं शब्द टाकलेला नाही. धुळाजी जाताना माझा हात सोडत नव्हते. त्यांनाही मी थांबा म्हटलं नाही. म्हटलं, जावा निवांत, मी बघते सगळं. अकरा वर्षं सगळं बघितलं. पण ते एक म्हणायचं राहिलं.

त्या पानाला दोरा घातला नाही. शनिवारी शेळ्या दुसऱ्या अंगाला नेल्या. दिवसभर कुणाशी बोलणं नाही.

रविवारी सकाळी गेले तर धुक्यात गाडी उभी होती, बॅगा भरलेल्या. जान्हवीच्या हातात सात पानांचं पुस्तक होतं.

"आठवं पान?" दादासाहेबांनी विचारलं.

"ते लेकरांचं न्हाई."

त्यांनी मान खाली घातली आणि गाडीचं दार उघडलं. मी पुढं होऊन दार धरलं.

"दादासाहेब... थांबा."

दिग्विजय काच खाली करून म्हणाला, "काही राहिलंय का, आजी?"

"व्हय. तुझा बाप."

सून बघतच राहिली. दादासाहेब मागं गेले आणि डिकीतनं आपली बॅग काढली.

"बाबा, अहो तिकीट... आणि राहणार कुठं तुम्ही?"

"शेजारच्या नथूभावजींची खोली रिकामी हाय," मी सांगितलं. "वैशाखात माझा सिद्धनाथ येईल. मग चार माणसं बसवून पाट लावू. आमच्यात नवरा गेलेल्या बाईला पाट लावून दुसरं लगीन करता येतं. तू ये, तुझ्यादेखत होऊ दे."

"मला विचारायचं तरी..." दादासाहेब म्हणाले. कान लाल झाले होते.

"मी थांबा म्हटलं. आता तुमी बोला."

"हो," म्हणाले. फक्त एवढंच. मग नातीच्या गालाला गाल लावून कितीतरी वेळ वाकून राहिले.

गाडी वळली, दिसेनाशी झाली, तरी त्यांचा हात वरच होता. डोळे पुसले नाहीत त्यांनी. मीही पुसा म्हटलं नाही. बॅग उचलायला गेले, तर जड.

"द्या इकडं," ते म्हणाले.

"एक बंद तुमी धरा, एक मी धरते. आणि सावकाश चला. आपली वाट बघणारं घरी कुणी न्हाई."