खळ्यातली वजाबाकी

"माझ्या खळ्यात हे आकडे कुणी काढले?"

मी तेव्हा बाराच्या चौकटीत लंगडी घालत होते. लंगडीत मागं वळून पाहिलं की माणूस आपटतो, आणि मुलांसमोर आपटायची माझी मुळीच तयारी नव्हती. म्हणून समोर बघूनच म्हणाले, "मी काढले. चुन्यानं. का?"

"कारण आज इथं सुपारी वाळत घालायची आहे. आणि कालच सारवलंय."

आता मात्र वळावंच लागलं. हातात सुपारीनं भरलेली टोपली, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, कपाळावर आठ्या... आणि त्या आठ्यांखालचे डोळे असे, की मी लंगडी विसरून दोन्ही पाय टेकले.

"बाई औट!" एकोणीस पोरं एका सुरात ओरडली.

आणि तो हसला. राग आलेला माणूस इतकं छान हसत असेल तर समोरच्यानं काय करावं? 

मुरुडच्या अलीकडच्या या गावात मी नुकतीच शिक्षिका म्हणून आले होते. दुसरी ते चौथीची सगळी मुलं माझ्याकडे. शाळेच्या मैदानात नव्या वर्गखोलीसाठी खडीचे ढीग टाकलेले, आणि मला तर गणित शिकवायला मोकळी जागा हवी होती. घरापुढचं हे खळं, म्हणजे सारवलेलं मोठं अंगण, त्यासाठी अगदी नेमकं होतं. बाकावर बसून वजाबाकी करताना ही मुलं मेल्यासारखी दिसायची. तीच मुलं अंकांवरून उड्या मारायला लागली की आवरता आवरत नसत.

"पण पोरांनी सांगितलं, इथं कुणी राहत नाही," मी म्हणाले.

"सकाळी आम्ही सुपारीच्या वाडीत असतो. म्हणून घर ओस पडलं होय?" त्यानं टोपली खाली ठेवली. "मी अजेय. आणि ते ओटीवर बसलेत ते आमचे दादा, माझे वडील. मघापासून तुमची लंगडी बघताहेत."

ओटीवरून दादांनी हात हलवला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

शेवटी तह झाला. अर्धं खळं सुपारीला, अर्धं आम्हाला. त्या बदल्यात पोरांनी जाताना सुपारी परतून द्यायची.

"आणि बाईंनी?" अजेयनं विचारलं.

"बाईंनी काय?"

"काही नाही... बाईंनी रोज यायचं."

हे बोलून तो तरातरा वाडीत निघून गेला, आणि मी पुढची बेरीज चुकवली.

माझा आवडता खेळ होता दशकाचा. दहा मुलांभोवती सुंभाचा दोर गुंडाळायचा, की झालं एक दशक. बाकीची मुलं सुटी. सुट्यांच्या घरातून सात जणांना बाहेर काढायचंय आणि तिथं तेवढी नाहीतच? मग पळत जायचं दशकाच्या घरी, दोर सोडायचा, की दहाच्या दहा पोरं आरडाओरडा करत सुट्यांच्या घरात! पण आम्ही पडलो एकोणीस. दुसरं दशक रोज एकानं अडायचं.

"बाई, ह्यो दशक पुरा व्हत न्हाय," केसर तक्रार करायची. तिसरीतली, कोळीवाड्यातली केसर. कागदावर तिची वजाबाकी हटकून चुकायची. बावन्नातून अठरा म्हटलं की ती सेहेचाळीस लिहायची. का, तर "दोनातून आठ जात न्हाय, म्हनून आठातून दोन घालवलं." हट्टी होती, पण डोकं पक्कं.

तिनंच एके दिवशी अजेयचा हात धरून त्याला दोरात आणून उभं केलं. "काका, तू इसावा."

"मला वजाबाकी येत नाही हो, बाई," तो माझ्याकडे बघून म्हणाला.

"शिकवीन की."

"वेळ लागेल..."

"लागू दे."

त्यानंतर सुपारी परतण्यापेक्षा तो दोरातच जास्त दिसायला लागला. खळं पुन्हा सारवलं त्या दिवशी मी चुना घेऊन सकाळी लवकर गेले, तर सगळे आकडे आधीच काढलेले. वाकडेतिकडे, पण एक ते शंभर पुरे. अजेयच्या नखांत अजून चुना होता. मी आणलेल्या चुन्यानं त्याचा एक वाकडा सात नीट केला. 

आणि अशा ऐन वेळी आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख सर आले. दोरात बांधलेली, किंचाळणारी पोरं त्यांनी पाहिली.

"बाई, हा धिंगाणा आहे. या महिन्याची शिक्षण परिषद तुमच्याकडे ठेवतो. केंद्रातले सगळे शिक्षक येतील. मुलांना वजाबाकी आली तर ठीक. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून बाक, पाटी आणि पुस्तक. खेळ बंद."

त्या दिवशी खोलीवर परत येताना मला खरं काय ते कळलं. मुलांचे खेळ बंद होतील याचं दुःख तर होतंच. पण खेळ बंद म्हणजे खळं बंद, आणि खळं बंद म्हणजे अजेयकडे जायला कारणच उरणार नव्हतं. हे दुसरं दुःख पहिल्याइतकंच मोठं होतं, आणि ते मी कुणाला सांगणार?

परिषदेच्या दिवशी खळं शिक्षकांनी भरून गेलं. पोरं मस्त खेळली. दोर सुटले, धावाधाव झाली, टाळ्याही पडल्या. केंद्रप्रमुख सर मात्र खुर्चीतून हलले नाहीत.

"खेळ बघितला. आता फळ्यावर." त्यांनी माडाला टेकवलेल्या फळ्यावर लिहिलं: बावन्न वजा अठरा. मग बोट केलं नेमकं केसरकडे.

 अजेयनं लांबून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली... असू दे, धीर धरा.

केसरनं खडू घेतला. दोनाखालच्या आठाकडे बघत राहिली. मग खडू ठेवून दिला आणि वळली.

"सर, उठा."

"काय?"

"तुम्ही दहा. इथं उभं ऱ्हावा."

सर इतके गोंधळले की खरंच उठले. केसरनं तीन शिक्षकांना ओढून त्यांच्याशेजारी उभं केलं. "ह्ये पन दहा, दहा, दहा." मग अजेयला खेचलं. "काका, तू पन दहा. झालं पन्नास." शेवटी दोन पोरं सुट्यांच्या घरात. बावन्न!

असला खेळ मी शिकवलाच नव्हता. 

"आठ काढायचं, पन सुटं दोनच हायत," ती मोठ्यानं म्हणाली. एकदा रांगेवरून नजर फिरवली आणि थेट केंद्रप्रमुखांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, तुम्ही सुटा. व्हा बाजूला!"

सर बाजूला झाले. त्यांच्या जागी दहा पोरं बोंबलत सुट्यांच्या घरात घुसली. त्यातली आठ केसरनं हाकलली. उरली चार. एका शिक्षकाला "तुम्ही पन जावा" म्हणून घालवलं. उरले दोन शिक्षक आणि अजेय.

"तीन दशक, चार सुटं. चौतीस!"

तिनं धावत जाऊन फळ्यावर चौतीस लिहिलं, आणि मग जो कल्ला झाला तो पार किनाऱ्यावर ऐकू गेला असेल. पोरं नाचत होती, शिक्षक टाळ्या वाजवत होते आणि मी सगळ्यांदेखत रडत होते.

केंद्रप्रमुख सर स्वतःशीच हसले. "इतकी वर्षं नोकरी केली, पण मला सुटा करणारी हीच पहिली." मग गंभीर होऊन म्हणाले, "बाई, मी चुकलो. या आठवड्यातच मैदानातली खडी उचलायला लावतो. पुढच्या वेळी तुमच्या मैदानात, आणि हे खेळ तुम्ही सगळ्या शाळांना शिकवायचे."

आणखी टाळ्या. मी अजेयला शोधायला वळले. तो पाठमोरा उभा राहून दोर गुंडाळत होता.

"अहो, जिंकलो ना आपण!"

"जिंकलोच की," तो म्हणाला. "केवढा आनंद झालाय मला. पण आता मैदान मिळालं... खळ्याची काय गरज?"

 मग वाटलं, तिसरीतली पोर केंद्रप्रमुखांना बाजूला व्हा म्हणते, आणि मला एक वाक्य बोलता येऊ नये?

"अजेय, मला तुम्ही आवडता. खूप आवडता. मैदान मिळालं तरी मी येणार... शाळा सुटल्यावर, पोरं घरी गेल्यावर. चालेल?"

दोर त्याच्या हातातून गळून पडले.

"रोज?"

"रविवारीसुद्धा."

"मी कधीपासून हेच सांगायचं ठरवतोय," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "पण रोज आलो की तुम्ही मला नऊ पोरांबरोबर बांधून टाकता!"

मी इतकी हसले की सगळे वळून बघायला लागले. बघू देत. भर उजेडात, अख्ख्या केंद्राच्या देखत मी त्याचा हात धरला.

"अजेय," ओटीवरून दादांनी हाक मारली, "अरे, त्यांना आता घरात तरी बोलाव!"

आणि मी गेले.