उकडलेल्या कोशांची पाखरं

बसा, सांगतो. काम तसं साधंच होतं. मृगाच्या तोंडावर पोचूच्या घरून बेण्याच्या कोशांची माळ आणायची. चार महिने मी पाठीच्या दुखण्यानं अंथरुणावर होतो, म्हणून ती त्याच्याकडे सांभाळायला दिली होती. वीस वर्षं आम्ही दोघं आरमोरीकडच्या जंगलात येनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पाळत आलो. एका ताटात जेवलो.

घरी येऊन एक कोसा कानाशी हलवला. खडखड वाजला. दुसरा, तिसरा, सगळेच तसे. जिवंत कोसा असा वाजत नाही. एक कापला, तर आत काळी, वाळलेली गोळी. माझं बेणं पोचूनं परस्पर विकलं होतं आणि धाग्यासाठी उकडलेले, मेलेले कोसे माळेत ओवून दिले होते. आता कोशांतून पतंगांची पाखरं निघणार नाहीत, अंडी नाहीत, वर्षाचं पीक गेलं. परक्यानं केलं असतं तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. पोचूनं केलं, तर धड रडताही येईना.

“फेकून द्या,” माझी बायको अन्नपूर्णा म्हणाली. माझा हात होईना.

तिसऱ्या दिवशी सांजच्याला कोशांची तोंडं ओली झाली. घरभर उकडल्याचा वास सुटला... आणि पाखरं बाहेर आली. रीतीप्रमाणे जोड्या जमल्या, माद्यांनी अंडी घातली, नवव्या दिवशी अळ्या निघाल्या. मी फार विचार केला नाही. येनावर सोडल्या.

अळ्या बोटाएवढ्या जाड झाल्या. पण झाडाचं एकही पान कुरतडलेलं दिसेना.

मग एका दुपारी पोचूची बायको सोमारी दारात आली. “वारलूभाऊ, चला ना. ते बलावून राह्यले तुमाले.”

पोचू खाटेवर नुसता हाडांचा उरला होता. दोन्ही वेळा पोटभर जेवतो, म्हणे. त्यानं माझा हात धरला.

“वारलू... चुकलो मी. उतरव त्यायले झाडावरून... खाऊन राह्यले मले...”

“माहं बेणं इकताना आठवलो नाई मी तुले?”

हात सोडवून मी निघून आलो. अळ्या उतरवल्या नाहीत. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला.

पोचूला जाऊन आज पाच दिवस झाले. अळ्यांनी अजून कोसे विणायला घेतलेले नाहीत. माना वर करून बसल्यात, भुकेल्या. पानं तशीच अख्खी. सकाळी वाढता वाढता अन्नपूर्णा थांबली आणि हळूच म्हणाली, “पोटभर तं खाऊन राह्यले तुमी... मंग सदरा काऊन इतका ढिला होऊन राह्यला?”