डांबराखालचा आवाज

मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता पाणी हरवल्याचं कळलं.

नळ कोरडे पडले होते असं नाही. १९९४ सालच्या त्या उन्हाळ्यात इंदिरानगरच्या नयनाच्या गल्लीत एक दिवसाआड, सकाळी सहा ते आठ पाणी यायचं. तसं ते आलंही होतं. पण नयनाचे बाबा, उपेंद्र, रहिवासी संघाचे सेक्रेटरी होते, सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर होते आणि मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पाणीखात्याच्या मागे लागून त्यांनी गल्लीच्या तोंडाशी एक मोठा मीटर बसवून घेतला होता. आज त्याचा पहिला आकडा आला.

"गल्लीत आलं साठ हजार लिटर!" बाबा कागद नाचवत म्हणाले. "आणि बावीस घरांच्या मीटरांची बेरीज सदतीस हजार! तेवीस हजार लिटर गेलं कुठं?"

"उडून गेलं!" मकरंद म्हणाला. नयनाचा हा भाऊ दहा वर्षांचा होता आणि गप्प बसणं त्याला जमत नसे.

"उडून नाही, टँकरमध्ये बसून गेलं. वॉल्व्हची चावी एकाच माणसाच्या हातात असते. शुक्रवारी खात्याला पत्र देतो, खंडोजीकडून चावी काढून घ्या म्हणून."

नयनानं उपम्याची बशी बाजूला सारली. खंडोजी अण्णा म्हणजे तिच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या मैत्रिणीचे, सौम्याचे आजोबा. तीस वर्षं ते या भागात पाणी सोडत होते. माणसाच्या छातीएवढी उंच, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते पहाटे निघायचे. ते पाणी विकतील?

तिनं सायकल काढली आणि गल्लीमागची जुनी वस्ती गाठली.

सौम्यानं सगळं ऐकलं आणि ती लालबुंद झाली. "अय्यो! माझे अज्जा चोर? तुझ्या बाबांना डोकं आहे की नाही?"

"ए, माझ्या बाबांना काही बोलायचं नाही!"

"मग त्यांनी माझ्या अज्जांना बोलायचं?"

खंडोजी अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "भांडू नका, मक्कळा, पोरींनो," ते म्हणाले. "मागितली तर देऊन टाकीन चावी. पण पहाटे पाचला जाग येते, त्याचं काय करू?"

दोघींनी भांडण तिथंच सोडलं. अण्णांच्या पत्नी, सोयराबाई आजी, जानेवारीत वारल्या होत्या. तेव्हापासून अण्णा घरात फारसे बोलत नसत. पहाटे उठायला चावी हे एकच कारण उरलं होतं, हे सौम्याला माहीत होतं. आता नयनालाही कळलं.

बुधवारी दिवसभर नयनाला कुठंच बसवेना. उद्या गुरुवार, पाण्याचा दिवस. परवा पत्र जाणार. हातात एकच सकाळ होती. दुपारी मकरंदला धरून तिघं गल्लीच्या तोंडाशी, वॉल्व्हच्या खड्ड्यापाशी जमली. सौम्यानं चावी आणली होती.

"अज्जा चावी खाली टेकवतात आणि मुठीला कान लावतात," ती म्हणाली. "पाणी यायला लागलं की आधी चावीला कळतं."

"बघू!" नयनानं कान लावला. "मक्या, शेवटच्या घरापाशी जा आणि नळाच्या लोखंडी पाइपवर दगड मार. एकदाच!"

मकरंद धावत गेला. सव्वाशे मीटर लांबून त्याचा हात वर गेला आणि खाली आला. टक! आणि लगेच पुन्हा, टक!

"एकदाच म्हटलं होतं ना!" नयना ओरडली.

"एकदाच मारला!" मकरंद तिकडून ओरडला.

पुन्हा मारला. पुन्हा दोन आवाज. पहिला चावीतून आला, दुसरा मोकळ्या कानानं ऐकू आला. नयना उड्या मारायला लागली.

"सौम्या, दगड एकच! पण आवाज दोन वाटांनी आला! लोखंडातला कंप हवेतल्यापेक्षा दहा-बारा पट जोरात पळतो. बाईंनी वर्गात सांगितलं होतं."

"सरी, सरी, पटलं. पण पाण्याचं काय?"

"अगं, ते कुठंतरी गळत असणार. पाणी जिथून जोरात सुटतं तिथे आवाज होतो ना? अर्ध्या उघड्या नळासारखा? तो कंपसुद्धा या पाइपमधून पळणार. उद्या पाणी सुटलं की घराघरांतल्या पाइपला कान लावायचा. जिथे मोठा, तिथे जवळ!"

"स्वल्प थांब," सौम्या म्हणाली. "उद्या सकाळी बावीस घरांचे नळ सुरू असणार. त्या गोंगाटात काय ऐकणार?"

तोवर धावत परत आलेल्या मकरंदनं हे ऐकलं. तो हसायला लागला. "नळ बंद करायचं काम माझं!"

गुरुवारी सहा वाजता अण्णांनी वॉल्व्ह उघडला आणि चावी सौम्याच्या हातात दिली. "आठच्या आत आणा. बंद करायचाय."

पावणेसातला मकरंद स्टीलचं ताट बडवत गल्लीत शिरला. "नळ बंद करा हो! सात वाजता दहा मिनिटं गढूळ पाणी येणार आहे! ज्यांना चहात गाळ हवाय त्यांनी नळ चालू ठेवा!"

गढूळ पाणी म्हटल्यावर कोण थांबतंय! शेजारच्या शुभदाकाकूंनी तर टाकीचा नळ बंद करून वर फडकं बांधलं. सात वाजता अख्खी गल्ली चिडीचूप झाली.

नयना आणि सौम्या धावत सुटल्या. प्रत्येक फाटकाजवळच्या पाइपवर चावी टेकवायची, कान लावायचा, पुढे पळायचं.

"चार नंबर?"

"काहीच नाही!"

"अकरा?"

"सूं करतंय! बारीक!"

"चौदा?"

नयनाचे डोळे मोठे झाले. "बाप रे! कुकरच्या शिट्टीसारखं! ऐक!"

अठरा नंबरला आवाज पुन्हा बारीक झाला. म्हणजे चौदाच्या आसपासच! पण तिथे उघडा नळ नव्हता की खड्डा नव्हता. होता फक्त नवाकोरा डांबरी रस्ता. नयनानं चावी रस्त्यावर टेकवली. दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे. मग तिनं चावी हळूच आपटली. टक. टक. टक. ढब!

"पोकळ आहे!" सौम्या कुजबुजली.

नयनानं खिशातला कागद काढून काहीतरी लिहिलं आणि घडी करून मकरंदच्या मुठीत दिली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"माझ्या नव्या रस्त्यावर लोखंड आपटतेस? आणि गढूळ पाण्याची अफवा कोणी उठवली?"

बाबा! अंगात बनियन, गालाला दाढीचा साबण.

"बाबा, पाणी या रस्त्याखाली जातंय. रस्ता खणायला हवा."

"खणायला? महिना नाही झाला करून! एक खड्डा पाडू देणार नाही. आणि मैत्रिणीच्या आजोबांसाठी तुला कुठेही आवाज ऐकू येईल. मन फसवतं माणसाला."

"म्हणून तर तुम्ही ऐका," नयना म्हणाली. "प्रयोगात आपलं मन मध्ये येऊ नये म्हणून डोळे बांधून चाचणी घेतात, असं तुम्हीच सांगता. जागा मक्याच्या मुठीत लिहिलेली आहे. तुमचे डोळे बांधते. चुकलात तर आम्ही गप्प बसू."

बाबा घुटमळले. पण चाचणीला नाही म्हणणारा इंजिनिअर अजून जन्मायचाय! सौम्यानं ओढणीनं त्यांचे डोळे बांधले, दोनदा गोल फिरवलं आणि चावी हातात दिली. मकरंद एवढ्यानं थांबतोय होय!

"डावीकडे गाय आहे हं बाबा!"

"गप रे!"

बाबा चावी टेकवत, वाकून कान लावत सरकले. पुढे गेले, परत आले. एका जागी थांबले. आणखी वाकले. गालावरचा साबण मुठीला लागला तरी त्यांना पत्ता नव्हता.

"इथे," ते हळू आवाजात म्हणाले. "इथेच आहे."

मकरंदनं मूठ उघडून मोठ्यानं वाचलं, "चौदा नंबरच्या फाटकासमोर, कडेपासून नऊ पावलं!" आणि त्यानं पावलं मोजली. नववं पाऊल बाबांच्या पायावरच पडलं.

"आई गं!" बाबा ओरडले आणि त्यांनी ओढणी काढली.

खंडोजी अण्णा केव्हाचे येऊन उभे होते. "सर, तिथं धुलाईचा वॉल्व्ह आहे," ते म्हणाले. "पाइपातला गाळ मोरीत सोडायचा. मी बंदच ठेवला होता. रस्त्याच्या माणसांनी रोलरला पाणी हवं म्हणून उघडला असणार, आणि तसाच ठेवून वर डांबर टाकलं. झाकण बुजलं हे सांगायला दोनदा तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही मीटिंगमध्ये होता."

बाबांनी ओढणीची घडी घातली. रस्त्यात एकही झाकण वर दिसता कामा नये, स्कूटरला हिसका बसतो, असं त्यांनीच कंत्राटदाराला बजावलं होतं. नयनानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण तिनं ते गल्लीसमोर काढलं नाही.

दुपारी पाणीखात्याची माणसं पहार घेऊन आली. वीतभर डांबराखाली झाकण निघालं, आत वॉल्व्ह दोन आटे उघडा! अण्णांनी चावी लावून तो आवळला. शनिवारी पाणी आलं तेव्हा नयना चौदा नंबरच्या पाइपला कान लावून बसली होती. आवाज नव्हता. मोठ्या मीटरचा आकडा आणि घरांची बेरीज यांत जेमतेम दोनशे लिटरचा फरक आला.

रविवारी बागेत संघाची सभा झाली. खात्याचे साहेब कन्नडमध्ये म्हणाले, "आमच्या माणसांपेक्षा या मुलांचे कान तिखट!" टाळ्या पडल्या. शुभदाकाकूंनी मकरंदचा कान धरला, "गढूळ पाणी काय रे?" आणि त्याच हातानं त्याला म्हैसूरपाक दिला. बाबांनी ते पत्र सगळ्यांसमोर फाडलं. "माझ्या मुलीनं आणि तिच्या मित्रमंडळींनी मला ऐकायला शिकवलं," ते म्हणाले.

नयनाला आनंद झाला. पण ती खुर्चीत चुळबुळत होती, मान वळवून पुन्हा पुन्हा मागे बघत होती. सगळ्यांच्या मागे, कडुलिंबाखाली, खंडोजी अण्णा चावी घेऊन उभे होते. सभा संपली. बाबा साहेबांना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि तसेच घरी आले.

सोमवारी पहाटे चावीचा खणखणाट ऐकून नयना उठली, खिडकीत गेली आणि तिनं अण्णांना हात केला. त्यांनीही केला. शेजारच्या खोलीत बाबा जागे होते. त्यांच्या चपलांचा आवाज दारापर्यंत गेला आणि परत आला.

बाबांनी खंडोजी अण्णांची माफी अजून मागितलेली नाही.