उपाशी घोडीसमोर

“थांब गं बाई, झालंच आता,” मी लोट्टेच्या मानेवर हात ठेवून म्हणाले.

“खोटं नका सांगू तिला,” मागून कुणीतरी मराठीत म्हणालं. “आत्ता तर सुरुवात आहे.”

ब्राउनश्वाइगजवळच्या घोड्यांच्या दवाखान्यात मराठी ऐकू येईल असं वाटलं नव्हतं. वळून पाहिलं. हिरवा कोट, हातात लांब रबरी नळी, दमलेले डोळे... आणि तरी हसू.

“डॉक्टर अनुप. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून इथवर. आणि तुम्ही?”

“क्रांती. म्युनिकहून आलेय. ही माझ्या बाबांची घोडी.”

“बाबा नाही आले?”

“बाबा नाहीत. नोव्हेंबरात गेले. आतड्याचा कॅन्सर.”

तो सॉरी म्हणाला नाही. हातातली नळी खाली ठेवली आणि लोट्टेच्या कपाळावरून हात फिरवला. मला ते बरं वाटलं.

आई-बाबा इथे ब्राउनश्वाइगलाच राहायचे; निवृत्त झाल्यावर बाबांनी ही म्हातारी घोडी विकत घेतली होती. आई तिला सवत म्हणायची. आता लोट्टे भरपूर खायची, तरी तिच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. बाबांचंही असंच सुरू झालं होतं. पण माझी नोकरी नवी, पोरीला घोर नको, म्हणून घरच्यांनी मला कितीतरी महिने “गॅसेस आहेत” एवढंच सांगितलं. मी पोचले तेव्हा बाबा बोलू शकत नव्हते.

आदल्या दिवशी तबेल्यावर झालेल्या सोनोग्राफीत लोट्टेच्या आतड्याची भिंत जाड दिसली होती. आज पुढची तपासणी.

“रात्रभर उपाशी ठेवलेल्या घोडीच्या पोटात साखरेचं पाणी सोडायचं,” अनुपने समजावलं, “आणि थोड्या थोड्या वेळाने रक्त घ्यायचं. आतडं धड असेल तर रक्तात साखर चढते. नाहीतर ती तशीच पुढे निघून जाते.”

“एक कराल? मला सगळं सांगा. चांगलं, वाईट, अर्धवट... जे कळेल ते, कळेल तेव्हा.”

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “सांगेन.”

पत्र्यावर बर्फमिश्रित पाऊस वाजत होता. आम्ही लोट्टेसमोरच्या बाकावर बसलो होतो, मध्ये त्याचा डबा.

“जेवून घ्या ना. दुपार झाली.”

“उपाशी घोड्यासमोर इथे कुणी खात नाही. नियम नाही तसा. पण कुणी खात नाही.”

“आत काय आहे?”

“फ्रोझन मेथी. वाट बघण्यासारखं काही नाही.” मग हळूच, “तुम्ही सकाळी काय खाल्लंत?”

“काही नाही.”

“म्हणजे आज पेशंट दोन.”

मी हसले. माझंच हसू मला अनोळखी वाटलं.

दर वेळी तो रक्त घेऊन आत जायचा आणि परत येऊन आधी जर्मन लोकांसारखं “आल्झो...” म्हणायचा, म्हणजे ‘तर मग...’. मग, “साखर हलली नाही अजून.” त्या ‘आल्झो’चीच मला भीती वाटू लागली.

शेवटी तो आला तेव्हा उभा राहिला नाही, शेजारी बसला.

“आल्झो... साखर चढलीच नाही. आज आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतो. पण त्यात काही सापडलं नाही तरी माझं समाधान होणार नाही. मला हा कॅन्सरच वाटतोय.”

“वाचेल?”

“नाही. कॉर्टिझोनच्या औषधाने थोडे बरे दिवस मिळतील... कदाचित.”

तो ‘कदाचित’सुद्धा त्याने लपवला नाही. मी रडले. बाबा गेल्यावरही इतकी रडले नव्हते. तो उठला, तुकडा काढायचं काम शांतपणे उरकलं, मग लोट्टेपुढे गवत टाकलं. ती चघळू लागल्यावरच त्याने डबा उघडला आणि पोळीचे दोन भाग केले.

अहवालात कॅन्सरच निघाला.

त्यानंतर मी दर शनिवारी म्युनिकहून यायचे. रविवारी अनुप तबेल्यावर यायचा, लोट्टेला तपासायचा आणि तपासून झाल्यावरही रेंगाळायचा. डबा आता दोघांपुरता असायचा. “घोडीसाठी एवढ्या लांबून येतेस?” आई विचारायची, आणि उत्तराची वाट न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

मे महिन्यात लोट्टेने गवताकडे पाठ फिरवली. अनुपने तिला शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नंतर आम्ही कुंपणाशी उभे राहिलो. तिच्या तोंडाचा पट्टा माझ्या हातात होता, त्याला पांढरे केस चिकटलेले.

“आल्झो...” तो म्हणाला.

“आता आणखी काय?” मी विचारलं.

“आता तुम्ही माझ्या पेशंटच्या मालकीण नाही. म्हणून आज सांगता येईल. एवढी एकच गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. क्रांती, मला तुम्ही—” तो थांबला. त्याने माझ्या हातातल्या पट्ट्याचं दुसरं टोक धरलं.

“सगळं सांगायचं ठरलं होतं,” मी म्हणाले. “कळेल तेव्हा.”

“हो.”

“मग कधी कळलं?”

“त्या दिवशी. डबा उघडायच्या आधी.”

मोकळ्या कुरणावरून वारा येत होता. आम्ही दोघांनीही पट्टा सोडला नाही.

“आज आणलाय डबा?”

“आणलाय. पण भूक नाही.”

“मलाही नाही,” मी म्हणाले. “तरी उघड.”