करवंदीचं बूच

लोणावळ्याहून कुसगावकडे वळलं की डाव्या हाताला पत्र्याची एक शेड लागायची. पाटीबिटी काही नव्हती, पण घाटातून ये-जा करणाऱ्या झाडून साऱ्या ड्रायव्हरांना ती ठाऊक होती. शेडचा मालक हौशीराम. त्याला सगळे 'डाक्तर' म्हणत. थट्टेनं म्हणत, पण त्यात खोटं काही नव्हतं. दीड हात लांब लाल रबराची एक नळी त्याच्या गळ्यात कायम लटकलेली असायची. इंजिन चालू ठेवायचं, नळीचं एक टोक कानात धरायचं आणि दुसरं एकेका जोडावरून फिरवायचं. हवा जिथून चोरून आत शिरत असेल, तिथं कानात बारीक 'सूं' उठायचं. मग हौशीराम तिथं बोट टेकवायचा आणि म्हणायचा, "हितं." वीस वर्षांत आपलं बोट एकदाही चुकलं नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

अडुसष्ट सालचा ऑगस्ट होता. पाच दिवस झड लागून राहिलेली. घाटात दरड आल्यामुळे रेल्वे बंद, आणि एसटीत पाय ठेवायला जागा नाही. नेमकं दुसऱ्याच दिवशी सकाळी आठला हौशीरामच्या बायकोला, रतनबाईला, मुंबईच्या इस्पितळात हजर व्हायचं होतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोर माणूस आलं की तिला नुसती सावली दिसायची. ऑपरेशनची ही तारीख सहा महिन्यांनी मिळालेली. ती हुकली की गेलं दिवाळीपल्याड. नात चार महिन्यांची झाली होती आणि तिचं तोंड रतनबाईनं आजवर फक्त बोटांनी चाचपलं होतं.

देवासारखे धावून आले ते मळवलीच्या बंगल्यातले हनुमंतराव. निवृत्त प्रोफेसर, एकटा जीव, गाडी स्वतः चालवत. त्यांना त्याच दिवशी मुंबई गाठायची होती.

"रतनबाईंना मी इस्पितळाच्या दारात सोडतो," ते म्हणाले. "फक्त ही गाडी जरा बघा हो. उभी केली की इंजिन फुरफुरतं आणि बंद पडतं. चारच्या आत निघायला हवं, म्हणजे उजेडात घाट उतरेल."

"चारला तयार ठिवतो, साहेब. तुमी तवर च्या घ्या." हौशीरामनं बायकोलाही त्यांच्यासोबत पलीकडच्या चहाच्या टपरीत बसवलं.

गाडी अमेरिकन बनावटीची, सत्तेचाळीस सालची, हिरव्या रंगाची. हनुमंतरावांनी महिन्यापूर्वीच ती नागपूरकडून आणली होती. हौशीरामनं बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि नळी कानाला लावली. फार शोधावं लागलं नाही. वायपरच्या पाइपापाशी 'सूं' उठलं. त्या काळच्या काही गाड्यांचे वायपर बॅटरीवर चालत नसत. इंजिन हवा आत ओढतं ना, त्या ओढीवर चालत. इंजिनापासून वायपरपर्यंत एक रबरी पाइप गेलेला असायचा. तो तडकला की फटीतून फुकटची हवा इंजिनात शिरते आणि ते खोकायला लागतं.

"हितं," हौशीराम सवयीनं म्हणाला आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. तसला पाइप अख्ख्या लोणावळ्यात मिळायचा नाही. पुण्याहून आणायचा म्हणजे गेला दिवस.

यावर एक झटपट इलाज होता. पाइप काढून टाकायचा आणि तो इंजिनाला जिथं जोडलेला असतो, त्या भोकाला बूच मारायचं. इंजिन सुतासारखं सरळ. फक्त वायपर चालायचा नाही. हौशीराम पूर्वी असली बुचं करवंदीच्या लाकडाची तासायचा. करवंदीचं लाकूड चिवट. तासून झालं की टोक दातांत धरून चावायचा, म्हणजे ते नरम पडून भोकात घट्ट बसे. ही त्याचीच युक्ती.

पण गेल्या बारा वर्षांत त्यानं एकही बूच तासलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी असाच ऑगस्ट होता, गाडीही असल्याच बनावटीची. ड्रायव्हर भिकाजी, त्याचा कार्ल्याचा जिगरी दोस्त. शेठ खोपोलीला खोळंबलाय म्हणून भिकाजीला घाई झालेली. "मार बूच, हौशा!" तो म्हणाला होता. "वायपर नसला म्हून काय बिघडतंय? हात भाईर काढून काच पुसत जाईन की!" हौशीरामनं बूच मारलं. तासाभरानं धुक्यात ती गाडी भिकाजीसकट दरीत गेली. वर काढल्यावर तिचं भंगार झालं, ते पुण्याला गेलेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलं. पंचनाम्यात बुचाचा उल्लेख नव्हता. त्यानं स्वतःहून कुणाला सांगितलं नाही, रतनबाईलासुद्धा नाही. बोललाच नाही तो, आणि तेच त्याला खात राहिलं.

आणि आज पुन्हा तोच प्रश्न. रतनचे डोळे, की धुक्यातला घाट? शेडमागं करवंदीची जाळी होती. नुसता कोयता घेऊन जायचा अवकाश. त्यानं कोयत्याकडं पाहिलं, आणि फट एकच आहे ना, हे बघायला नळी पुन्हा कानाला लावली.

'सूं' होतंच. पण आता त्याला ताल आला होता. आत ओढलं, थांबलं. आत ओढलं, थांबलं. माणूस श्वास घेतो तसं. हौशीराम बाहेर सोडलेल्या श्वासाची वाट बघत राहिला. तो आलाच नाही. नुसतं आत, आत, आत.

इंजिनाचीच धडधड असेल, तो मनाशी म्हणाला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

नळीतला श्वास चालूच होता.

त्यानं नळी झटकली, करंगळीनं कान साफ केला, दुसऱ्या कानाला लावून पाहिली. तेच. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि नळीत कुणीतरी सावकाश श्वास ओढत होतं. तेवढ्यात कर्रर्र आवाज झाला. त्यानं मान वर केली. बंद गाडीचा वायपर काचेवर निम्म्यापर्यंत चढला आणि तिथंच थांबला.

पाइपातच काही अडकलं असेल. त्यानं पाइपाचं वायपरकडचं टोक ओढून काढलं.

आत बूच होतं. करवंदीचं.

म्हणजे वायपरला ओढ मिळतच नव्हती. मग तो हलला कसा?

त्यानं बूच उजेडात धरलं. टोकाला दातांच्या खुणा होत्या. चार दात, सलग. हौशीरामची जीभ आपोआप वरच्या दातांकडं गेली. एकसष्ट साली इंजिनाचं हँडल उलटं फिरून तोंडावर बसलं होतं आणि पुढचा एक दात गेला होता. त्याआधी चारही होते. हे त्याचंच काम. पण त्यानं ही गाडी जन्मात पाहिली नव्हती.

"भिका," तो हलकेच म्हणाला. "माफ कर रं बाबा. माजी रतन जानार हाय या गाडीतनं."

त्यानं बूच शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकलं आणि त्याची पार राख होईपर्यंत तिथंच उकिडवा बसला.

मग गळ्यातली नळी काढली. वीस वर्षांची सोबत. मापाला अगदी बरोबर होती. त्यानं तडकलेला पाइप फेकून दिला आणि त्या जागी आपली नळी बसवली. चाकूनं कापताना वीतभरही वाया गेली नाही, नुसतं बोटभर उरलं. इंजिन चालू केलं, तर ते न खोकता शांत चालू लागलं. वायपर सपासप फिरू लागला.

चारच्या ठोक्याला गाडी निघाली. रतनबाई मागच्या सीटवर बसली. हनुमंतराव एकटेच पुढं. हौशीरामनं स्वतः दार लावलं.

"आता कानाला काय लावाल?" रतनबाईनं विचारलं. नळी गेल्याचं तिला हनुमंतरावांनी सांगितलं होतं.

"तुजे डोळं यिऊ देत. कानाचं बगू मागनं."

ती रात्र त्यानं तळमळत काढली. सकाळी बाजारातल्या टेलिफोनवर निरोप आला, बाई सुखरूप पोचल्या. हौशीराम तिथंच पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

तेरा दिवसांनी हनुमंतराव तिला परत घेऊन आले. काळा चष्मा लावलेली रतनबाई आधी नातीकडं गेली, तिला डोळे भरून पाहिलं, मग शेडमध्ये आली. हौशीराम हनुमंतरावांना विचारत होता, "वायपर चालला का, साहेब?"

"अहो, फर्स्ट क्लास! जाताना अख्ख्या घाटात क्षणभरसुद्धा थांबला नाही." एवढं सांगून ते मळवलीला निघून गेले.

रतनबाई बाकड्यावर टेकली. "अवं," ती म्हणाली, "वायपर चालत व्हता, तर मंग त्यो बाबा हात भाईर काढून काच कशापायी पुसत व्हता?"

"कोन बाबा?"

"साहेबांच्या शेजारी बसल्याला. मला निसती सावली दिसत व्हती. खंडाळ्याम्होरं कवा बसला, कळलंच न्हाई. सारा घाट हात भाईर. त्याच्या बाहीचं पानी माज्या अंगावर उडत व्हतं."

हौशीरामचा हात रिकाम्या गळ्याकडं, नळीच्या जागी गेला.

"खोपोलीला उतरला. उतरताना माज्या हातात ह्ये दिलं. म्हणला, हौशाला द्या." तिनं कमरेची चंची सोडली आणि त्याच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. "हौशा म्हणणारं कोन वो? मी तर आजवर कुनाच्या तोंडून ऐकलं न्हाई."

करवंदीचं बूच होतं. ताजं तासलेलं. तेरा दिवस चंचीत राहूनही लाकूड ओलं होतं. टोकाला दातांच्या खुणा होत्या.

तीन. मधे एका दाताची जागा रिकामी.

हौशीरामनं ओठ घट्ट मिटले. त्याच्या तोंडात, दाताच्या खिंडीपाशी, करवंदीचा चीक तुरट लागत होता.