मावशीचा हुंदका

खरं वाटणार नाही, पण हे घडलंय. रात्री-बेरात्री नव्हे... भर दुपारी, टायरच्या दुकानावरच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत.

तिथे भाचा आणि त्याचा ड्रमर ढोल्या गॉथिक रॉकचा अल्बम करत होते. संथ ड्रम्स, खोल बेस, अंधारावरचे उदास शब्द. पण भाच्याचा जीव अडकला होता एकाच गाण्यात.

त्यात एका बाईचा हुंदका होता...

मावशीचा.

तिची लेक गेली, त्या दिवशी ती स्वयंपाकघरात एकटीच ओट्याला टेकून होती. पाठ नुसती गदगदत होती. त्या पाठीवर हात ठेवायचा सोडून भाच्यानं दाराआडून मोबाइल धरला.

जिनं लेकीच्या घासातला घास देऊन त्याला वाढवलं, तिच्यावर.

त्यानंतर मावशी रडलीच नाही. "डोळे कोरडे ठक्क पडलेत रे," म्हणायची. भाचा मान खाली घालायचा.

त्या दुपारी ढोल्यानं हेडफोन काढला.

"रडक्या, हुंदका सगळ्याच गाण्यांत कोंबलास?"

"एकातच आहे."

"मग बाकीच्यांत काय माझी आजी रडतेय?"

भाच्यानं ऐकलं. दुसऱ्या गाण्यात हुंदका. तिसऱ्यातही...

त्यानं हुंदक्याचा ट्रॅक बंद केला. मग गिटार. बेस. सगळं...

हुंदका चालूच.

ढोल्याच्या हातातली काठी गळून पडली.

भाचा लॅपटॉप उराशी धरून घरी पळाला. मावशीच्या पायाशी बसला.

"मावशी, मी तुझं रडू चोरलं गं. ऐक. म्हणशील तर आत्ता पुसतो."

ती ऐकत राहिली.

"वेड्या, ही मी नाही."

"अगं, मीच रेकॉर्ड केलंय!"

"तोंडात फडकं कोंबून रडले होते मी. आवाज फुटलाच नव्हता."

भाच्यानं लॅपटॉपकडे पाहिलं.

"अंधाराला किती भ्यायची ती..." मावशी पुटपुटली. "कसल्या काळोख्या गाण्यांत कोंडलंस रे तिला?"

डोळे कोरडेच. लेक रडत असताना आईनं कसं रडायचं? ती लॅपटॉपला हलके हलके थोपटू लागली.

"उगी, बाळा... उगी..."

अल्बम निघालाच नाही. पुसायचा तर भाच्याला धीरच नाही.

लॅपटॉप त्याच्या उशाशी उघडाच असतो. एकदा चुकून त्यानं झाकण मिटलं होतं...

आत अंधार झाला.

आणि आतून कुणीतरी त्याला 'दादा' म्हणून हाक मारली.